जेऊरची दोन मिनिटे आणि नायगमवालांची वेधशाळा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडते आणि डाळजच्या आसपास डाव्या हाताला उजनी जलाशयाचे पाणी दूरवर पसरलेले दिसू लागते. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी पाहायला शहरातून गाड्या भरून माणसे येतात. या पाण्याने भीमाकाठची अनेक गावठाणे पोटात घेतली, तशीच जुन्या रेल्वेमार्गाचीही वाट घेतली. १८५८ साली पुण्यापासून निघालेली लोहमार्गाची वाट येथील डिकसळपर्यंत येऊन थांबली होती. पुढे भीमा ओलांडून ती सोलापूरला गेली. या वाटेवर, नदीपलीकडे करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे स्टेशन आहे. गाडी तेथे थांबते, चार माणसे उतरतात, चार चढतात आणि गाडी निघून जाते. या स्टेशनाजवळच्या माळावर शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येच्या दुपारी, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष लागून राहिले होते.

त्या दिवशी सूर्याचे खग्रास ग्रहण होते. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ भारतात शिरला आणि कऱ्हाड, इंदापूर, जेऊर असा ईशान्येकडे सरकत वऱ्हाड, नागपूर परिसर ओलांडून पुढे बिहारात बक्सरकडे गेला. पट्टा शंभर किलोमीटरहूनही अरुंद होता, त्यामुळे पुणे त्याच्या बाहेर राहिले. भीमेच्या दोन्ही काठांवर मात्र भरदुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार पडला. जेऊरच्या माळावर या दोन मिनिटांसाठी दोन छावण्या सज्ज होत्या. एक होती अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांची. ते ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन पॅसिफिक महासागर ओलांडून आले होते. दुसरी होती पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची, आणि तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

आपल्या काळात हे नाव लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपर्यंत परिचित होते. आज ते ज्या शहरात त्यांनी हयातीतील उमेदीची वर्षे घालवली त्या पुण्यातही फारसे कोणाच्या ओठी नाही. १८९८ च्या ग्रहणाला २०२३ मध्ये सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. विजयदुर्गावर त्याची आठवण निघते, परंतु जेऊरची आणि नायगमवालांची निघत नाही. ही उणीव थोडी भरून काढणे भाग आहे.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही याच वर्षीची. मुंबईच्या पारशी समाजातील या बुद्धिमान मुलाने एलफिन्स्टन कॉलेजातून १८७८ मध्ये भौतिक व रसायन हे विषय घेऊन एम. ए. ची पदवी मिळवली आणि कुलपतींचे पदकही पटकावले. त्या काळी विज्ञान शिकलेल्या हिंदी तरुणापुढे दोनच मार्ग असत, सरकारी नोकरी किंवा अध्यापन. प्रयोगशाळेत स्वतः काही शोधावे ही कल्पना कॉलेजांच्या अभ्यासक्रमात बसत नव्हती आणि सरकारच्या अंदाजपत्रकात तर नव्हतीच. नायगमवाला एलफिन्स्टनमध्येच शिकवू लागले.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एलफिन्स्टन कॉलेजला भेट दिली. महाराज तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि नायगमवाला पंचविशीत. कॉलेजात वर्णपट अभ्यासण्याची प्रयोगशाळा व्हावी म्हणून महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी विल्यम ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची चर्चा झाली व बेतच बदलला. पैसे प्रयोगशाळेतील टेबलावरच्या यंत्रांत न घालवता ताऱ्यांचे आणि सूर्याचे वर्णपट पाहणारी वेधशाळा उभारावी, असे ठरले. मुंबईच्या दमट, धुरकट आकाशापेक्षा पुण्याची हवा या कामाला चांगली. १८८५ मध्ये नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढील काळातील इंजिनीअरिंग कॉलेजात, अध्यापक म्हणून आले, तेव्हा वेधशाळेचा मुक्कामही पुण्यालाच ठरला. त्याच वर्षी ते रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले.

१८८८ साली वेधशाळा पूर्ण झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण ही तिची पुढे मुख्य ओळख ठरली. अनेक दशके भारतातील ही सर्वांत मोठी दुर्बीण होती. हिंदुस्थानात वेधशाळा त्यापूर्वीही होत्या. मद्रासची ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली होती, मुंबईत कुलाब्याला चुंबकीय व हवामानविषयक नोंदी होत, जयसिंहाच्या जंतरमंतरांचे तर सर्वांना ठाऊकच आहे. परंतु ताऱ्यांची स्थाने मोजण्याऐवजी ते कशाचे बनले आहेत हे विचारण्यासाठी खास उभारलेली, आणि एका हिंदी शास्त्रज्ञाच्या हाती सोपवलेली, अशी दुसरी वेधशाळा त्या वेळी देशात नव्हती.

हा प्रश्न त्या काळात किती नवा होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. प्रकाश लोलकातून पसरवला की पट्ट्यात ठरावीक जागी रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे १८५९ ते १८६० च्या सुमारास जर्मनीत किरखोफ व बुन्सेन यांनी स्पष्ट केले. त्यानंतर आकाशाकडे वर्णपटदर्शक रोखणाऱ्यांना अशा रेषा सापडत गेल्या, ज्या पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थाशी जुळत नव्हत्या. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना तेजोमेघांच्या प्रकाशात हिरव्या रेषा दिसल्या. १८६८ मध्ये सूर्याच्या कडेला एक पिवळी रेषा दिसली. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात आणखी एक हिरवी रेषा आढळली. तिन्हींसाठी तीन नवी मूलद्रव्ये कल्पिली गेली: नेब्युलियम, हेलियम आणि करोनियम. यातील मधले एकटेच खरे निघाले. उरलेली दोन नावे पाऊणशे वर्षांच्या आत पुस्तकांतून पुसली गेली.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर एका समजुतीचा निकाल लावलेला बरा. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे दर वर्षी त्या तारखेला छापून येते. १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. त्या ग्रहणाचे वेध पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून व नॉर्मन पॉगसन यांनी मछलीपट्टणहून घेतले. लॉकियर यांनी त्यानंतर ऑक्टोबर महिन्यात, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे त्या मोहिमेतले आहेत. तोवर विल्यम रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळा करून दाखवलाही होता.

याच लॉकियर यांच्याशी नायगमवाला यांचा मतभेद होण्याचा प्रसंग आला. लॉकियर यांनी १८८७ च्या सुमारास उल्कांच्या थव्यांचा एक व्यापक सिद्धांत मांडला होता. तेजोमेघ, धूमकेतू, तारे हे सारे उल्कांच्या एकमेकांवर आदळण्यातून प्रकाशतात, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. त्याला आधार म्हणून ते तेजोमेघातील प्रमुख हिरव्या रेषेकडे बोट दाखवीत. ही स्वतंत्र रेषा नसून मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका खोबणीदार पट्ट्याची कडा आहे, असा त्यांचा दावा होता. असा पट्टा एका बाजूला ठळक असतो आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जातो. म्हणजे हे तपासण्याची कसोटी सरळ होती. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव दिसते की एका बाजूने विस्कटलेली? हगिन्स लॉकियर यांच्या विरोधात होते आणि वाद इंग्लंडमध्ये चांगलाच तापला होता.

पुण्याच्या वेधशाळेतून नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील प्रसिद्ध तेजोमेघावर दुर्बीण रोखली. प्रकाश अधिकाधिक पसरवून त्यांनी ती रेषा तपासली. ती रेखीव होती. विरत जाणारी बाजू कोठेही दिसली नाही. १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने आपली वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच लाडक्या सिद्धांताच्या विरोधात जाणारा हा निष्कर्ष होता. लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांच्या अचूक मोजमापांनीही लॉकियर यांची बाजू याच सुमारास खिळखिळी केली होती. पुण्याच्या कॉलेजात वर्ग सांभाळून रात्री दुर्बिणीपाशी बसणाऱ्या एका अध्यापकाने त्या वादात आपली साक्ष नोंदवली, आणि ती बरोबर ठरली.

येथे एक योगायोग नजरेआड करू नये. त्याच पुण्यात, त्याच काळात, त्याच मृग नक्षत्राकडे आणखी एक दृष्टी लागली होती. वेदांतील नक्षत्रांच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरवू पाहणारा लोकमान्य टिळकांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ सालचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालचा. केरोनाना छत्रे १८८४ मध्ये वारले होते, पण त्यांनी सुरू केलेला पंचांगशुद्धीचा वाद शहरात जिवंत होता. ज्योतिषाविषयी इतके जागरूक शहर तेव्हा देशात क्वचितच असेल. तरीही टिळक-दीक्षितांचे ज्योतिष आणि नायगमवालांचे ज्योतिष यांची गाठ पडल्याचे दिसत नाही. एकीकडे संस्कृत ग्रंथ व गणित होते, दुसरीकडे काच, लोलक आणि छायाचित्रांच्या काचपट्ट्या. दोन्हींमध्ये मुळा-मुठेचे पात्र काही मोठे नव्हते.

१८९८ चे ग्रहण आले तेव्हा पुणे वेगळ्याच अंधारात होते. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुण्यात पोहोचली होती. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, दामोदर चापेकर पकडले गेले, आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. रेल्वेवर प्रवाशांच्या तपासण्या व प्लेगचे निर्बंध चालू होते. अशा दिवसांत नाजूक लोलक, भिंगे, कॅमेरे व काचपट्ट्या रेल्वेच्या डब्यात घालून डिकसळवरून भीमा ओलांडायची आणि उघड्या माळावर छावणी ठोकायची, हे काम धाडसाचेच होते.

ग्रहणाच्या पट्ट्यात त्या दिवशी जणू खगोलशास्त्राची एक परिषदच भरली होती. विजयदुर्गावर लॉकियर होते आणि त्यांच्या मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. तिच्यात एडवर्ड माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी आणि जॉन एव्हरशेड हे होते. अ‍ॅनी माँडर यांनी टिपलेला प्रभामंडलाचा लांबच लांब झोत तोवरच्या कोणत्याही छायाचित्रात आला नव्हता. पुलगावला केंब्रिजचे ह्यू न्यूअल होते, मध्य भारतात शहडोलला खुद्द राजज्योतिषी ख्रिस्ती. दख्खनचे जानेवारीतले आकाश विश्वासाला जागले आणि सर्वत्र निरभ्र राहिले. दोनच वर्षांपूर्वी नॉर्वेत जमलेल्या ज्योतिर्विदांना ढगांनी रिकाम्या हाताने परत पाठवले होते, त्यांना तर याचे मोल अधिकच वाटले असेल.

खग्रास ग्रहणातील वर्णपटाच्या वेधांचे स्वरूप थोडे समजून घ्यायला हवे. सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या क्षणी त्याची अगदी पातळ कड काय ती उघडी राहते. एरवी सूर्याच्या वर्णपटात काळ्या दिसणाऱ्या रेषा त्या सेकंद-दोन सेकंदांत एकाएकी तेजस्वी होऊन उजळतात. बिंब पुन्हा उघडताना हेच उलट क्रमाने घडते. हा झळाळीचा वर्णपट टिपायचा तर हात थरथरून चालत नाही. कॅमेऱ्याची काचपट्टी नेमक्या क्षणी सरकवावी लागते, आणि चूक झाली तर पुढील ग्रहण कुठल्या खंडावर येईल ते पाहत बसावे लागते. मधल्या काळात प्रभामंडलाची छायाचित्रे घ्यायची असतात. ही सारी कामे वाटून घेऊन माणसे सेकंद मोजत बसतात. आयुष्यभर ज्यासाठी तयारी केली ते दोन मिनिटांत संपते.

त्या ग्रहणाच्या काचपट्ट्यांवरून एक जुनी चूक दुरुस्त झाली. प्रभामंडलातील हिरव्या रेषेची जागा तीस वर्षे चुकीची धरली जात होती. ती प्रत्यक्षात ५३०३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवर असल्याचे १८९८ च्या वेधांनी दाखवले. म्हणजे ती लोखंडाच्या ज्या परिचित रेषेशी जोडली जात होती तिच्याशी तिचा काही संबंध नव्हता. गंमत अशी की अखेरीस ती लोखंडाचीच निघाली, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. हे १९४० च्या सुमारास बेंग्ट एड्लेन यांनी दाखवले, आणि त्यावरून प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे कळून आले. करोनियम हे मूलद्रव्य तेथे संपले.

नायगमवाला यांचा जेऊरच्या ग्रहणावरील अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. ग्रहणानंतर चार वर्षांनी. एवढ्यात युरोप-अमेरिकेतील मंडळींचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन त्यांवर चर्चाही सुरू झाली होती. हा विलंब त्यांना भोवला यात शंका नाही. त्यांच्या कामाचे मोजमाप करताना ही बाजूही पाहिली पाहिजे. चोवीस वर्षांच्या मानाने त्यांचे प्रसिद्ध लेखन थोडे आहे. वेधशाळा त्यांच्याभोवतीच फिरत राहिली. त्यांच्या हाताखाली तयार होऊन पुढे तिची धुरा घेणारा कोणी उभा राहिला नाही. अर्थात यात सारा दोष त्यांचा म्हणता येणार नाही. लिक वेधशाळेपाशी कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि देणगीदार होते, लॉकियर यांच्यापाशी लंडनची संस्था व मदतनीस. पुण्याच्या वेधशाळेपाशी एक प्राध्यापक होता. मुंबईत कुलाबा वेधशाळेची सूत्रे १८९६ मध्ये नानाभाई मूस यांच्याकडे आली, आणि १९०४ मध्ये ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून ते काम अलिबागला हलवले गेले. ती वेधशाळा सरकारच्या गरजेची होती, हवामान व जहाजे यांच्याशी तिचा संबंध होता, म्हणून ती टिकली. मृगातल्या तेजोमेघाशी सरकारचे काय काम?

शिवाय दरम्यान सरकारने सूर्याच्या अभ्यासासाठी कोडाईकनालच्या डोंगरावर नवी वेधशाळा काढली होती. मद्रास वेधशाळेचे काम १८९९ मध्ये तेथे गेले. १९०९ च्या जानेवारीत तेथेच जॉन एव्हरशेड यांना सूर्यडागांतील वायूंच्या बाहेर वाहण्याचा शोध लागला, जो त्यांच्या नावाने ओळखला जातो. अकरा वर्षांपूर्वी तळणीच्या माळावर ग्रहण पाहणारे एव्हरशेड ते हेच. एकाच ग्रहणात एकाच पट्ट्यावर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकामागे शासनाचे खाते उभे राहिले.

१९११ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नाव बदलून ते कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग झाले. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबरच वेधशाळा बंद करण्यात आली. एका संस्थानिकाच्या देणगीतून उभी राहिलेली, देशातील सर्वांत मोठी दुर्बीण असलेली वेधशाळा एका माणसाच्या निवृत्तीबरोबर मोडली जावी, याला व्यवहार म्हणता येईल, दूरदृष्टी म्हणता येणार नाही. दुर्बीण व इतर साहित्य कोडाईकनालला रवाना झाले. पुण्यात मोठ्या दुर्बिणीने ताऱ्यांचे वर्णपट घेण्याचे काम थांबले ते थांबलेच. वेधशाळा पूर्ण झाली त्या १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या परिसरात आयुका स्थापन झाली, आणि तिची दोन मीटरची दुर्बीण आंबेगाव तालुक्यातील गिरवलीला २००६ मध्ये सुरू झाली. मधल्या काळाला पोकळी हाच शब्द आहे.

निवृत्तीनंतर नायगमवाला आणखी सव्वीस वर्षे जगले. १९२० मध्ये मेघनाद साहांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा करणारे समीकरण दिले, १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळाले. हिंदी शास्त्रज्ञाने मूलभूत संशोधन करावे ही गोष्ट आता अपवादाची राहिली नव्हती. आणि १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी तेजोमेघातील त्या हिरव्या रेषेचे कोडे सोडवले. ती मॅग्नेशियमची नव्हती, नेब्युलियमचीही नव्हती. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती, आणि पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मिळू न शकणाऱ्या विरळ वायूतच ती उमटू शकत होती. रेषा रेखीव आहे असे पुण्याहून लिहिणारा प्राध्यापक तेव्हा सत्तर वर्षांचा होता. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची दुर्बीण त्यांच्याहून दीर्घायुषी ठरली. कोडाईकनालला ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली, म्हणजे देणगीदाराचे नाव राहिले आणि ती वापरणाऱ्याचे गेले. १९८० च्या दशकात हिमालयात मोठ्या दुर्बिणीसाठी जागा शोधायची होती, तेव्हा आकाश किती स्वच्छ आहे हे पाहण्यासाठी हीच जुनी २० इंची दुर्बीण लडाखमध्ये लेहला नेण्यात आली. पुढे लडाखमध्येच हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची दुर्बीण २००० साली बसवली गेली.